‘त्याला काय कमी होतं?’

प्रश्न : घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४१, बँकेत नोकरी, दहा वर्षांचा मुलगा. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा. रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेत तो साडेतीन वर्षं नायक होता. मालिका जोरात असतानाच त्याची दारू वाढली, जोडीला झोपेच्या गोळ्या आल्या. मालिका संपून दीड वर्ष झालं. नंतर मिळालेली कामं टिकली नाहीत. गेल्या गणपतीत ताईंच्याच सोसायटीत तो पाहुणा म्हणून आला तो पिऊन, आणि बोलता बोलता स्टेजवरून पडला. तो व्हिडिओ सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून फिरत मुलाच्या शाळेच्या बसपर्यंत गेला. वडील म्हणतात, काम मिळालं की आपोआप सुटेल. एरवी ते सचिन-कांबळीचं उदाहरण देतात. मध्यंतरी एका नव्या मालिकेच्या टीममधल्या ओळखीच्या बाईंनी ताईंना फोन करून विचारलं, “आता बरा आहे ना तो?” ताई म्हणाल्या, “एकदम ठणठणीत.” तेव्हापासून त्यांना झोप नाही. त्या लिहितात : “बाबांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली, तेव्हा ते नाही प्यायले. याला काय कमी होतं? लोक म्हणतात, त्याला समजून घ्या. मला दया येतच नाही, रागच येतो. माझंच काही चुकतंय का? आणि त्या बाईंना आता खरं सांगू का?”

उत्तर :

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यालाच मुदत आहे. त्या बाईंना परत फोन करा आणि एवढंच म्हणा, “त्या दिवशी मी त्याच्या वतीने बोलायला नको होतं. त्याच्या तब्येतीचं त्यालाच विचारा.” याहून एक वाक्य जास्त नको. त्याचा आजार चारचौघांत सांगायचा की नाही, हे तो ठरवेल. पण तो ठणठणीत असल्याची हमी द्यायला तुम्ही जामीन नाही. फोन केल्याचं त्याच दिवशी त्याला स्वतःहून सांगा. तो चिडेल, “माझ्या पोटावर पाय दिलास” म्हणेल. म्हणू दे.

आता रागाबद्दल. पत्रात पुढे तुम्हीच लिहिलंय : तीनदा सेटवर फोन करून “त्याला ताप आहे” असं तुम्ही सांगितलंत, त्याच्या फ्लॅटचे दोन हप्ते भरलेत, आणि दहा वर्षांच्या मुलाने मामाला स्टेजवरून पडताना शाळेच्या बसमध्ये पाहिलं. राग आला नसता तरच मला काळजी वाटली असती. समजून घ्यायचं म्हणजे आधी राग गिळायचा, असं आपल्याकडे, विशेषतः बहिणींना, फार लवकर शिकवतात. तुमचा राग राहू दे. मला बोलायचंय ते त्या रागाखालच्या प्रश्नाबद्दल. त्याला काय कमी होतं?

या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : माणूस काहीतरी कमी पडलं म्हणून पितो, आणि ते भरून दिलं की थांबतो. बाबांचं “काम मिळालं की सुटेल” हेही त्यातूनच आलंय. पण तुमचंच पत्र पुन्हा वाचा. दारू वाढली ती मालिका पहिल्या पाचात असताना. तेव्हा काम होतं, पैसा होता, विवियाना मॉलमध्ये बायका त्याला थांबवून फोटो काढून घेत होत्या. कामाच्या भरात जे सुरू झालं, ते काम परत आल्यावर कसं थांबेल?

रोजची मालिका म्हणजे काय, हे प्रेक्षकाला फारसं माहीत नसतं, आणि घरच्यांनाही अर्धंच माहीत असतं. आठवड्याला सहा भाग जायचे म्हणजे जायचेच. हे मेसच्या स्वयंपाकघरासारखं आहे : आचाऱ्याला ताप असो की घरी मयत असो, डबे दुपारी पोहोचले पाहिजेत. सकाळी सातचा कॉल, बारा-तेरा तासांची शिफ्ट, आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा संपत आला की त्याहून जास्त. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि सेटवरच्या प्रत्येकाचा चेहरा त्या आकड्याप्रमाणे बदलतो. रात्री पॅक-अपनंतर गायमुखाच्या कोंडीत तासभर, घरी पोहोचल्यावर उद्याचे सीन. दिवसभर ताणलेलं शरीर अकरा वाजता सांगितल्याबरोबर झोपत नाही. एक पेग घेतला की झोपतं. काही महिन्यांनी एकाने झोपत नाही. मग कुणीतरी गोळी सुचवतं. सुट्टीच्या दिवशी सुपाऱ्या : ज्वेलर्सचं उद्घाटन, हळदीकुंकू, टेंभी नाक्याची हंडी. तिथे पाचव्या मिनिटाला हातात ग्लास देणारे यजमान असतात, आणि त्यांना तो नाही म्हणू शकत नाही, कारण पुढची सुपारी तेच देणार.

प्रसिद्धीमुळे व्यसन लागतं, असं मी म्हणणार नाही. त्याच सेटवर त्याच तासांत काम करून घरी वरणभात खाऊन झोपणारे कितीतरी आहेत. प्रसिद्धी दुसरंच काहीतरी करते : अडवणारी माणसं दूर करते. साध्या नोकरदाराच्या तोंडाला दुपारी वास आला, तर साहेब बोलावतो. तुमच्या भावाच्या तोंडाला वास आला तेव्हा मेकअप दादांनी वेलची दिली, दिग्दर्शकाने लांबून शॉट लावला, आणि तुम्ही तापाचं कारण सांगितलंत. प्रत्येकाने त्या दिवसापुरतं त्याचं भलंच केलं. असं करत साडेतीन वर्षं गेली.

बाबांशी तुलना करताना एक गोष्ट सुटते. त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा अख्खं खातं एकदम घरी बसलं. दहा जण एकाच कट्ट्यावर बसून एकाच मालकाला शिव्या देत होते, युनियन होती, आणि रस्त्यात कुणी थांबवून “आता कुठल्या कंपनीत?” असं विचारत नव्हतं. तुमच्या भावाची नोकरी एकट्याची गेली, आणि गेल्यावरही लोक त्याला मालिकेतल्याच नावाने हाक मारत राहिले. रिक्षावाला मालिकेतल्या नावाने हाक मारतो आणि त्याच दमात विचारतो, “सध्या काय चालू आहे?” याला रोज उत्तर द्यायचं. बाबांचा संयम मी कमी लेखत नाही. पण त्यांना एकदा निवांत विचारा, त्यांच्या खात्यातले किती जण त्यानंतर दारूत गेले. ते नावं घेतील.

आणि काका? तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात : “काका लिव्हरने गेले, पण ते वेगळं.” वेगळं कसं? जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून हे पुरेसं स्पष्ट झालंय की दारूचं व्यसन लागण्याच्या धोक्यातला साधारण अर्धा वाटा आनुवंशिक असतो. बाबांना तो वाटा मिळाला नसेल, काकांना मिळाला, तुमच्या भावाला मिळाला असेल. यात बाबांची कमाई नाही आणि भावाचा गुन्हाही नाही. हेच कारण पुढे करून तो हात झटकायला लागला तर मात्र ऐकून घेऊ नका. मधुमेहही घराण्यात असतो, आणि गोळ्या ज्याच्या त्यालाच घ्याव्या लागतात.

सचिन-कांबळीचं उदाहरण मराठी घरांत फार स्वस्त झालंय. एकच शाळा, एकच सर, १९८८ ची ती ६६४ धावांची भागीदारी, आणि मग “बघ, एक कुठे गेला आणि दुसरा कुठे.” विनोद कांबळी शेवटची कसोटी खेळले तेव्हा २३ वर्षांचे होते, सरासरी ५४ ची. त्या वयात बहुतेक मुलांची पहिली नोकरी लागायची असते. दारूबद्दल ते स्वतः जाहीरपणे बोलले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाच्या अनावरणाला दोघे भेटले, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्याच महिन्यात कांबळींना आपल्याच जिल्ह्यात, भिवंडीच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. ज्यांना त्यांची एकही खेळी आठवत नाही, तेही त्या आठवड्यात शिस्तीवर व्याख्यानं देत होते. चौदा वर्षांच्या मुलाला अभ्यासाला बसवायला हे उदाहरण वापरा हवं तर. ३४ वर्षांच्या आजारी माणसासमोर त्याचा अर्थ एवढाच होतो की तू हरलास आणि आम्ही ते मोजून ठेवलंय.

तुमच्या घराजवळच मानपाड्याला डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. तुमचा भाऊ कधीतरी तिथल्या विंगेत उभा राहिला असेल. दंतवैद्यक सोडून रंगभूमीवर आलेला हा नट. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधल्या त्यांच्या संभाजीसाठी आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधल्या लाल्यासाठी लोक खिडकी उघडण्याआधी रांगा लावायचे. त्यांचं दारूचं व्यसनही तेवढंच सर्वश्रुत. त्यांच्या पत्नीनेच आठवणींत ते मोकळेपणाने लिहून ठेवलंय. १९८६ मध्ये दौऱ्यावर असताना अमरावतीत ते गेले. त्यांच्याही वाट्याला उशिरा सुरू झालेले प्रयोग आणि चिडलेला प्रेक्षक आला. आज त्यांच्या नावाच्या पाटीखाली आपण वडापाव खात तिसऱ्या घंटेची वाट बघतो आणि म्हणतो, “काय कलंदर माणूस होता!” गेलेल्या माणसाचं व्यसन आपल्याला कलंदरपणा वाटतं. जिवंत माणसाचं व्यसन आपण ग्रुपवर फॉरवर्ड करतो. तुमच्या सोसायटीतल्या ज्यांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला, त्यांतले निम्मे तरी या नाट्यगृहाचे नेमाचे प्रेक्षक असतील.

त्या व्हिडिओसाठी सेक्रेटरींना एकच मेसेज करा : “आमच्या घरातलं माणूस आजारी आहे, व्हिडिओ ग्रुपवरून काढावा.” खुलासा, माफी, काही नको.

आता करायचं काय. यात तुमच्या दयेची गरज फार थोडी आहे.

पहिलं म्हणजे झाकणं बंद. ताप नाही, हप्ते नाहीत, रोख पैसे नाहीत. डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधं यांचे पैसे थेट तिथे भरा. हे त्याला सकाळी सांगा, रात्री नाही. प्यायलेल्या माणसाशी झालेलं बोलणं झालंच नाही असं समजायचं. सकाळी दहा-अकराला, बाबा समोर नसताना, ठरलेल्या दोन-तीन गोष्टींवरच बोला : “गणपतीत पडलास. मंगळवारी गाडी चालवत आलास. मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तुझ्याबरोबर येते.” तू असा, तू तसा, आईला किती त्रास, हे सगळं त्या दिवशी नको.

दुसरं, आणि हे तुमच्यासारखं पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकासाठी : घरातल्या बाटल्या बेसिनमध्ये ओतून “उद्यापासून बंद” असं करू नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, आणि यात जीवही जाऊ शकतो. हात थरथरणं, दरदरून घाम, अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय. तुमच्या भावाच्या बाबतीत झोपेच्या गोळ्याही आहेत. त्या आणि दारू एकत्र आल्या की श्वास मंदावतो, आणि त्या गोळ्या एकदम बंद करणंही धोक्याचं. म्हणून सुरुवात मानसोपचारतज्ज्ञाकडूनच, आणि गोळ्यांचं नाव-मात्रा डॉक्टरांना न लपवता.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील : ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.’ चहात काहीतरी मिसळायचं. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. ते औषध त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. तसंच रात्री गाडी पाठवून उचलून नेणाऱ्या केंद्रांचं. दारूशी संबंधित मानसिक त्रास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात येतात. त्या कायद्याने, संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसालाही दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय भरती करता येत नाही. चार धटिंगण म्हणजे तज्ज्ञ नव्हेत. शिवाय ओळखीच्या चेहऱ्याला असं फरफटत नेलं, तर त्याचाही व्हिडिओ निघेल.

ठाण्यात राहता, हे तुमच्या पथ्यावर आहे. ‘ठाण्याला पाठवा’ हा महाराष्ट्राचा जुना विनोद ज्या इस्पितळामुळे झाला, ते प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून इथे आहे. बाबा तिथलं नावही काढू देणार नाहीत, तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची ओपीडी आहे. १९९० पासून ठाण्यात मानसिक आरोग्याचं काम करणारी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था आहे. निवासी उपचार लागले, तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, आणि ओळखीपासून दूर राहणं हा त्याच्यासाठी औषधाचाच भाग ठरू शकतो. आधी घरूनच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. व्यसनासाठीची हेल्पलाइन १४४४६.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेले गट. त्यांच्या मीटिंगला जा म्हटलं की तो म्हणेल, “मला ओळखतील.” ओळखतीलच, ते धरून चाला. पण तिथे लोक पहिल्या नावाने बोलतात, आणि १९३५ पासूनची त्यांची रीत आहे की तिथलं तिथेच ठेवायचं. सुरुवातीला ऑनलाइन मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसता येतं. मला वाटतं, त्याच्यासाठी याचा उपयोग थोडा वेगळा असेल. गेल्या पाच वर्षांत त्याने कुणासमोर असं बोलल्याचं आठवतंय, की जिथे ऐकणाऱ्याला त्याच्याकडून काही नको होतं?

नवी मालिका घ्यावी का? हा निर्णय त्याचा, पण विचारलंच तर माझं मत : पहिले सहा महिने रोजची मालिका नको. पैशाची निकड आहे म्हणाल, तर मालिकेचे पैसे साधारण तीन महिन्यांनी हातात येतात, म्हणजे आजची निकड तिने भागत नाही. तो सावरकरनगरला आई-बाबांकडे राहायला आला आणि फ्लॅट भाड्याने दिला, तर हप्त्याचा बराच भाग निघेल. बाकीचं तुम्ही बँकेत आहात, मी सांगायला नको. काम पूर्ण बंद करणंही बरोबर नाही, रिकामी दुपार फार वाईट असते. डबिंग, ऑडिओबुक, एखाद्या प्रायोगिक नाटकाच्या संध्याकाळच्या तालमी, अशी तासांची मर्यादा असलेली आणि चेहरा न मागणारी कामं बघता येतील. पुन्हा मालिका घेतलीच, तर शिफ्टचे तास करारात लिहून घ्यायला हवेत. त्या बाईंशी त्याने बोलायचं ते हेच.

तो पुन्हा पिईल, ही शक्यता धरून चाला. उपचार घेतलेल्यांपैकी बरेच जण निदान एकदा घसरतात. त्या दिवशी “बघ, मी म्हटलंच होतं” हे वाक्य बाबांच्या तोंडून निघणार नाही, एवढं तुम्हाला सांभाळता आलं तर बघा. त्यासाठी बाबांनाही एकदा डॉक्टरांसमोर बसवायला हवं. मुलीने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्या वडलांच्या पिढीला फार फरक वाटतो.

मुलाशी तुम्ही अजून बोलला नाहीत, असं पत्रावरून दिसतं. त्याने व्हिडिओ पाहिलाय आणि आई गप्प आहे, म्हणजे काहीतरी फार भयंकर आहे असंच तो समजणार. सांगा : “मामाला दारूचा आजार झालाय. तो कुणामुळे झाला नाही, आणि तुला-मला तो बरा करता येणार नाही, डॉक्टर करतील. बसमध्ये कुणी काही म्हणालं तर ‘माझा मामा आजारी आहे’ एवढं म्हणायचं.” मामाने पूर्वी दिलेली सही केलेली बॅट त्याने कपाटात ठेवून दिली म्हणालात. तिथे असू दे, तुम्ही त्यावर काही बोलू नका.

आणि तुमचं काय? पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे गट आहेत, तिथे भावाबद्दल कमी आणि तुमच्याबद्दल जास्त बोलणं होतं. नवऱ्याला पत्रात तुम्ही फक्त “तो वैतागलाय” एवढ्यावर ठेवलंय. हप्ते भरल्याचं त्याला माहीत नसेल, तर या आठवड्यात सांगून टाका.

डॉक्टरांच्या पहिल्या वेळेला भाऊ बहुधा येणार नाही. वेळ रद्द करू नका, तुम्ही एकट्या जा. रुग्ण नसतानाही घरच्या माणसाला जाऊन बोलता येतं. बरेच डॉक्टर अशा वेळी घरच्यांनी काय करायचं, काय थांबवायचं, हे नीट लिहून देतात. जाताना गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे फोटो, काकांची माहिती आणि तो साधारण किती वाजता प्यायला सुरुवात करतो, हे कागदावर लिहून न्या. घरी आल्यावर त्याला सांगा की तू आला नाहीस, मी जाऊन आले, आणि पुढची वेळ अमुक दिवसाची आहे.